साहेबाची राखण

माझ्या नवऱ्याच्या अंगात वारं शिरलं ते नेमकं मे महिन्यात. यवतमाळचा मे काय असतो ते ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक. दुपारी डांबर चपलेला चिकटतं, कूलरमधून गरम वाफ येते, आणि अशात आमचे हे म्हणतात, ‘‘सुहास, मी डोंगराडोंगरानं पायी सहस्रकुंडाला जाऊन येतो.’’

आधी माणूस कसा ते सांगते, मग पुढचं. नाव नीळकंठ. पाटबंधारे खात्यात ट्रेसर. म्हणजे इंजिनिअरनं काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर शाईनं पुन्हा गिरवायचा, एवढंच काम, ते रिटायर होईपर्यंत केलं. जिल्ह्यातला एक डोंगर नाही ज्यावरून ह्यांचं पेन फिरलं नाही, आणि एक नाही ज्यावर ह्यांचा पाय पडला असेल. ज्या धरणांसाठी ते नकाशे गिरवले ती निम्मी बांधलीच गेली नाहीत, पण त्याचं ह्यांना काही नव्हतं. रेघ सुबक आली की झालं.

दुसरी गोष्ट, ह्यांना खोटं बोलता येत नाही. तत्त्व वगैरे काही नाही हो, जमतच नाही, जशी काहींना शिट्टी जमत नाही. आमच्या मितालीला पाहायला पाहुणे आले होते, त्यांनी विचारलं, मुलीला स्वयंपाक येतो ना? हे म्हणाले, ‘‘येत नाही, पण आम्ही खातो.’’ मुलाकडचे हसले म्हणून निभावलं, नाहीतर पोर घरातच राहिली असती.

मुलगा अनिमेष पुण्याला. तो रविवारी गडकिल्ले चढतो. त्यानं स्वतःची जुनी सॅक ह्यांना दिली आणि म्हणाला, बाबा, सह्याद्रीत या एकदा. हे म्हणाले, ‘‘सह्याद्री मी गिरवलेला नाही.’’ ह्यांना जायचं होतं आपल्याच डोंगरांतून. यवतमाळहून आर्णीकडच्या टेकड्या, मग महागाव, उमरखेड, तिथून बंदी भाग म्हणतात ते जंगल आणि शेवटी पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा.

‘‘अहो, मे महिन्यात धबधब्याला पाणी कुठलं? नुसता काळा दगड असेल.’’

‘‘मला दगडच पाहायचाय. नकाशावर तिथे उंचीच्या रेषा इतक्या जवळ येतात की निब अडकायचं. ते काय आहे ते एकदा पाहायचंय. आणि एकट्यानं पाहायचंय, सुहास. जन्मभर कोणी ना कोणी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होतं.’’

एवढं बोलताना मी ह्यांना फार वेळा ऐकलेलं नव्हतं. म्हणून मग मी भांडले, रडले, आणि सॅक भरून दिली. अनिमेषनं फोनवर सांगितल्याप्रमाणे टॉर्च, चाकू, ग्लुकोज आणि नायलॉनचा लांब दोर. माझ्याकडून डोक्याला शेला आणि लू लागू नये म्हणून खिशात कांदा.

आता ती वर्षं कशी होती ते सांगायला हवं. दोन हजार सहा साल. कापसाचं सगळं बसलेलं. रोज सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची, इतक्या बातम्या कोणी ना कोणी जीव दिल्याच्या. दिल्लीची पथकं येत, टीव्हीवाले येत, विचारून जात. जाता जाता गावोगावच्या पोलीस पाटलांना सांगून जात की एकटा, गप्प, उन्हात भटकणारा माणूस दिसला तर सोडू नका, बोलतं करा. आणि अशा जिल्ह्यात आमचे हे भर दुपारी दोर घेऊन डोंगरात शिरले. मला तरी कुठं सुचलं म्हणा तेव्हा.

निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन.

‘‘नीळकंठ साहेबाचं घर हाय का? मी भीमसिंग राठोड बोलतो, आर्णीच्या पलीकडच्या तांड्याचा पोलीस पाटील. तुमचे साहेब आमच्या ताब्यात हायेत.’’

‘‘अगं बाई! काय केलं त्यांनी?’’

‘‘अजून काई केलं नाई,’’ भीमसिंग म्हणाला, ‘‘म्हून तर फोन केला.’’

झालं होतं असं, की हे टेकडीच्या कडेला पळसाखाली बसून खाली दरीत बघत होते. भीमसिंगनं विचारलं, काहून बसले? हे म्हणाले, सहज. कुठी जाऊन राह्यले? सहस्रकुंडाला. तिथं कायले? सहज. भीमसिंगनं सॅक उघडली तर दोर निघाला. हा कायले? तर आमचे हरिश्चंद्र म्हणाले, ‘‘वेळ आलीच तर असावा जवळ.’’

‘‘ताई, घरी काई झालं का? भांडण-गिंडण?’’

माझं डोकं फिरलं. दोन दिवस जीव टांगणीला लागलेला, त्यात हा मलाच विचारतो. म्हटलं, ‘‘जाऊ नका जाऊ नका म्हणून घसा कोरडा केला, ऐकलं का माझं? मरू देत म्हणावं तिकडेच उन्हात!’’

मग भीमसिंग हळूच म्हणाला, ‘‘असं नका बोलू ताई. माणसाच्या मनाले लागते.’’ आणि फोन ठेवता ठेवता कोणाला तरी म्हणाला, तेही मी ऐकलं, ‘‘बायकोच तशी हाय रे, बिचारा.’’

तेव्हापासून अख्ख्या जिल्ह्यात मी बदनाम! वणीहून नणंदेचा फोन आला, ‘‘वहिनी, ऐकलं ते खरं का?’’ म्हटलं, काय ऐकलं? ती म्हणाली, ‘‘नाही, काही नाही, पण दादाशी जरा गोडीनं वागत जा.’’ आता वणी कुठं आणि तांडा कुठं, पण असल्या बातमीला एसटी लागत नाही.

तांड्यावर ह्यांना बाजेवर बसवून माणसांनी समजूत घातली. दिवस सारखे नसतात, साहेब. लेकराबाळांकडे पाहा. हे म्हणाले, ‘‘मला मरायचं नाहीये हो.’’ तर भीमसिंग म्हणाला, ‘‘सारे असंच म्हणतात.’’ आता याच्यापुढे माणूस काय बोलणार? दोर काढून घेतला आणि म्हशीच्या वगारीला बांधला. भीमसिंगच्या बायकोनं भाकरीवर इतकं तूप घातलं की रात्रभर ह्यांच्या पोटात गुडगुडत होतं.

सकाळी सोडलं, पण आपल्याकडे पाहुण्याला शिवेपर्यंत पोचवायची रीत आहे ना! तांड्याची चार माणसं गावाच्या हद्दीपर्यंत आली, आणि पलीकडे पुढच्या गावची चार माणसं आधीच उभी. भीमसिंगनं फोन करून ठेवला होता. ‘‘जिता-जागता सोपवून राह्यलो, पाहून घ्या,’’ असं म्हणून ह्यांना त्यांच्या हाती दिलं, जसं लग्नात मुलीला देतात. मग त्या गावानं पुढच्या शिवेवर. अशी माझ्या नवऱ्याची वरात डोंगराडोंगरानं निघाली. 

एका गावानं चाकू ठेवून घेतला. एका गावानं सॅक बैलगाडीत टाकली, ओझ्यानं माणूस खचतो म्हणून. एका गावात न्हावी बोलावून ह्यांची दाढी केली, कारण दाढी वाढली की मन उदास होते असं तिथल्या सरपंचाचं म्हणणं. मिशीही काढली. आमचं लग्न झाल्यापासूनची मिशी होती ती! दर संध्याकाळी मला फोन यायचा. ‘‘ताई, आज साहेब दोन भाकरी जेवले.’’ ‘‘ताई, आज एक डाव हासले.’’ मी फक्त हो हो म्हणायची, कारण मी काहीही बोलले की ते ह्यांच्या जिवावर बेतायचं.

महागावहून ह्यांचा स्वतःचा फोन आला तेव्हा रडकुंडीला आले होते. ‘‘सुहास, मला लघवीलाही एकट्याला जाऊ देत नाहीत.’’

म्हटलं, ‘‘अहो, मग सांगा ना, देवीचा नवस आहे, माहूरला चाललोय म्हणून! त्याच वाटेवर तर आहे. पाया पडतील, सरबत पाजतील आणि सोडून देतील.’’

‘‘नवस केलेला नाही तर कसं सांगू?’’

‘‘मग भोगा!’’ म्हटलं, आणि लगेच जीभ चावली. कोणी ऐकलं तर नाही ना तिकडे, हेच मनात आलं.

अशी वरात उमरखेडच्या पुढे, जंगलाच्या तोंडाशी असलेल्या एका गावात पोचली. तिथल्या सरपंच भागीरथाबाई. त्यांचा फोन आला तो भर दुपारी, आणि आवाज असा की मी उभीच राहिले.

‘‘सुहासिनीताई, एकट्याच हाय ना घरी? मग ऐका. तुमच्या मालकाले काई झालं नाई. ते मले पाहताच समजलं. मराले निघालेला माणूस टाचेच्या फोडाले पट्टी लावत नाई.’’

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या दिवसांत पहिलं शहाणं माणूस भेटलं. म्हटलं, ‘‘बाई, तुमच्या तोंडात साखर पडो. मग आता एकटं सोडा त्यांना. फार मन आहे त्यांचं.’’

‘‘तेच नाई होत ताई,’’ भागीरथाबाई म्हणाल्या. ‘‘मले तुमचे मालक पाह्यजेत.’’

मग त्यांनी सांगितलं. गावात बाबाराव म्हणून एक जण. पंचेचाळिशीचा, धट्टाकट्टा. हिवाळ्यात त्याच्या धाकट्या भावानं वावरातच जीव दिला आणि याला तो सापडला. तेव्हापासून बाबाराव धड बोलत नाही, जेवत नाही. शेतात कापसाची पऱ्हाटी तशीच उभी. गावानं आळीपाळीनं त्याच्याजवळ माणसं बसवली, तर तो हाकलून द्यायचा. म्हणायचा, मी काय लहान पोरगा हाय?

‘‘राखण करू देत नाई तो, ताई. म्हून मी त्यालेच राखणीले लावलं. सांगितलं, बाबाराव, यवतमाळचा साहेब आला हाय, त्याच्या मनात वाईट हाय, आमच्यानं आवरत नाई. तू राह्य त्याच्याजवळ. तर काल तो साहेबाच्या शेजारी बाज टाकून झोपला. आज सकाळी चुलीपाशी येऊन बायकोले म्हणते, साहेबाले भाकर दे. साहेब म्हणाले, तुम्ही पण बसा, तर बसला. जेवला, ताई! आता तो साहेबाले जंगलातून सहस्रकुंडापर्यंत नेणार. तुमच्या मालकाले एवढंच सांगा, त्याले झटकू नका.’’

‘‘ह्यांना खोटं वागता येत नाही हो,’’ मी म्हटलं.

‘‘मग शिकवा,’’ भागीरथाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तासाभरात ह्यांचा फोन. किराणा दुकानातल्या नाणं टाकायच्या फोनच्या डब्यावरून, कुजबुजत. ‘‘सुहास, ठरलं. उद्या पहाटे याला झोपेत ठेवून मी निसटतो. नदीपर्यंत जंगलच आहे, मधे कोणाची शीव नाही. शेवटचा टप्पा तरी एकट्यानं होईल.’’

किती खूश होते! शाळा बुडवणाऱ्या पोरासारखा आवाज होता. मला सांगवेना. पण सांगितलं, सगळं सांगितलं.

डब्यात नाणं पडल्याचा आवाज आला तेव्हा कळलं, अजून फोनवर आहेत.

‘‘आत्ता कुठे आहे तो?’’ मी विचारलं.

‘‘बाहेर आहे. माझे बूट उन्हात होते, ते सावलीत ठेवतोय.’’ मग म्हणाले, ‘‘म्हणजे मला आता उदास राहावं लागेल.’’

‘‘हो.’’

‘‘मला जमेल ते?’’

‘‘माझ्या माहेरी गेल्यावर राहता ना, तसे राहा.’’

‘‘ते खरं असतं,’’ हे म्हणाले. बघा, अशा वेळीसुद्धा!

माझ्यानं घरी बसवेना. ह्यांच्या अभिनयावर कोणाचा जीव टांगलेला, आणि मी कूलरसमोर बसू? दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरून उमरखेड, तिथून काळीपिवळी जीप, पुढे एका दुधाच्या गाडीतून सहस्रकुंड. नदीच्या काठी देवळाच्या ओट्यावर डबा घेऊन बसले. त्या दिवशी कोणी आलं नाही. देवळातल्या बाईंनी रात्री आसरा दिला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच चुलीवर ताज्या पोळ्या-बेसन करून मी पुन्हा ओट्यावर. समोर पैनगंगा नव्हतीच, नुसता काळा कातळ, पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेला, आणि तळाशी हिरवं डबकं. ऊन असं की दगडाकडे बघवत नव्हतं. ‘‘यासाठी माणूस घर सोडतो!’’ असं मी मोठ्यानं म्हटलं, ऐकायला कोणी नव्हतं तरी.

दुपार कलल्यावर सागाच्या वाळक्या पानांतून खरखर आवाज आला आणि दोघं दिसले. पुढे बाबाराव, उंच, दाढी वाढलेली, पाठीवर आमच्या अनिमेषची सॅक. मागे आमचे हे, मिशीविना. बाबारावनं ह्यांचं मनगट घट्ट धरलं होतं. आणि ह्यांचं तोंड! त्याला उदास म्हणायचं असेल तर म्हणा, मला तर दाढ दुखत असल्यासारखं वाटलं. थोड्या थोड्या वेळानं सुस्कारा टाकत होते, तोही मोजूनमापून. मला वाटलं, गेलं! हे कोणाला खरं वाटणार? पण बाबाराव प्रत्येक सुस्काऱ्याला थांबायचा, मागे वळायचा आणि ह्यांच्या तोंडाकडे बघायचा.

मी पुढे गेले. बाबारावनं मला आपादमस्तक पाहिलं. ‘‘तुमीच का बाई?’’

‘‘हो, मीच.’’

‘‘साहेबाले घालूनपाडून बोलत नका जाऊ. मन हळवं हाय त्याइचं. रात्री किती सुस्कारे टाकले, मले माहीत हाय.’’

माझ्या जिभेवर काय काय आलं! पण गिळलं. म्हटलं, ‘‘नाही बोलणार, भाऊ.’’ हे खाली मान घालून उभे होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

मग हे कातळाच्या कडेकडे निघाले. ज्यासाठी एवढं रामायण केलं तो दगड समोर होता. हे अगदी टोकाशी जाऊन उभे राहिले आणि खाली बघत राहिले. तेवढा वेळ चेहऱ्यावरचं नाटक पुसलं गेलं, हात उचलून हवेत बोट फिरवलं, रेघ ओढावी तसं. मी तर त्या एका मिनिटासाठी सगळं माफ केलं ह्यांना. मग पाहिलं, तर बाबारावनं ह्यांचा पट्टा मागून धरलाय, आणि टाचा दगडात रोवून मागे रेललाय. ह्यांनाही ते कमरेला जाणवलं असणार. हे लगेच वळले. म्हणाले, ‘‘झालं पाहून. चला, बाबाराव, जेवू.’’ मिनिटभरसुद्धा झालं नव्हतं.

ओट्यावर मी पोळ्या, बेसन, कैरीचं लोणचं काढलं. बाबाराव बसला, पण पानाला हात लावेना.

‘‘साहेब, पहिले आन घ्या,’’ तो म्हणाला. ‘‘गळ्याची आन. हे असं पुन्हा मनात आणणार नाई म्हून. त्याबिगर मी तुमाले या बाईच्या हाती देत नाई.’’

आता झाली ना पंचाईत! जे मनात कधी आलंच नाही ते पुन्हा आणणार नाही, अशी शपथ हा माणूस घेणार कशी? मी ह्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं. ह्यांनी दोन बोटांनी गळ्याची कातडी धरली आणि म्हणाले, ‘‘गळ्याची आन. पुन्हा मनात आणणार नाही.’’ चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांचं पहिलं खोटं. मग म्हणाले, ‘‘आता तुम्ही घ्या.’’

‘‘मी कायले?’’

‘‘मी एकटा नाही पाळू शकणार, बाबाराव,’’ हे म्हणाले.

बाबाराव कातळाकडे बघत बसला. हात मांडीवरच. पोळ्या वाळायला लागल्या. शेवटी माझ्याच्यानं राहवेना. ‘‘अहो, घ्या ना! ह्यांना घ्यायला लावता आणि स्वतःला कसली अडचण?’’

तो माझ्याकडे वळला. डोळे लाल. ‘‘घेतली तर पाळा लागन ना, बाई.’’

मला रडूच आलं. म्हणून ओरडले, ‘‘मग पाळा! पाळायचीच असते ती! जेवा आता, पोळ्या वाळल्या!’’

त्यानं हात वर नेला. गळ्यापाशी थांबला. मग कातडी धरली आणि पुटपुटला. शब्द मला कळले नाहीत, पण ह्यांना कळले, कारण ह्यांनी मान हलवली. मग तो जेवला.

आता पुष्कळ वर्षं झाली. त्यानं पऱ्हाटी उपटून सोयाबीन केलं, मग पुन्हा कापूस केला, काही साधलं, काही नाही. फोन मात्र त्याचा नेमानं येतो. मलाच आधी विचारतो, साहेब जेवले का, एकटे बसत तर नाई ना? आणि मग ह्यांना मागतो. हे आता ह्या वयात छान खोटं बोलतात. आपण बरे झालो असं सांगितलं तर तिकडची राखण सुटेल, ही भीती ह्यांना अजून आहे. म्हणून फोनवर आवाज पाडून म्हणतात, ‘‘काय सांगू बाबाराव, मधूनमधून वाटतं.’’

परवाही तसंच म्हणाले. आणि पलीकडून बाबाराव इतका जोरात ओरडला की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. ‘‘खबरदार, साहेब! मले बी वाटते मधातमधात. पण आपण आन घेतली हाय.’’